लेखणीची पारख

रायपूरच्या गोलबाजारात लेखनसाहित्याच्या दुकानापुढे थोडा वेळ उभे राहिले, तर एक गमतीचे दृश्य पाहावयास मिळते. गिऱ्हाईक पेन मागते. दुकानदार चार पेने आणि कागदाचा एक चिटोरा पुढे सरकवतो. त्या चिटोऱ्यावर कुणी वेटोळी काढतो, कुणी झोकात आपली सही ठोकतो, आणि घटकेच्या आत परीक्षा संपून पेन खिशात जाते. हेच गृहस्थ मडके घेताना ते दहादा वाजवून पाहतात, टरबूज घेताना त्याला टिचक्या मारतात. लेखणीच्या वाट्याला मात्र एक वेटोळे!

श्रोतेहो, मीही याच जातीचा होतो. त्याची जी किंमत मला मोजावी लागली, ती आधी सांगतो.

१९९१ साली आमच्या तात्यापाऱ्यातल्या घरी मी आमच्या कुळाची वंशावळ तयार केली. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात मराठी कुटुंबे छत्तीसगडात येऊ लागली. आमचे घराणेही असेच कधीतरी इकडे आले. आजीला सगळ्या पिढ्या मुखोद्गत होत्या. ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. पुरुषांची नावे टाकाने, चित्रकलेच्या काळ्या शाईत लिहिली. प्रत्येकाच्या शेजारी त्याच्या पत्नीचे माहेरचे नाव आणि आडनाव सुरेख गुलाबी स्केचपेनाने लिहिले. तक्ता चौकटीत बसवून पश्चिमेच्या खिडकीसमोर लावला. बारा वर्षांनी घराला रंग देण्यासाठी तो खाली उतरवला, तेव्हा काळ्या शाईतले पुरुष सगळे जागच्या जागी होते, आणि प्रत्येकाच्या शेजारची जागा कोरी होती. अकरा स्त्रियांची नावे उन्हाने पुसून टाकली होती. विचारावे कुणाला? आजी जाऊन सहा वर्षे झाली होती.

त्या दिवसापासून मला लेखण्या पारखण्याचा नाद लागला.

हा नाद काही नवा नव्हे. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेला वाहिला आहे. परमार्थाच्या ग्रंथात अक्षर कसे काढावे याचा विचार सापडतो, याचे प्रथम नवल वाटते; पण ज्याला ग्रंथ टिकवावयाचा आहे, त्याला लेखणीचा विचार टाळता येत नाही. अक्षर वाटोळे, सुटे आणि सरळ असावे; ग्रंथातले पहिले अक्षर आणि शेवटचे अक्षर एकाच टाकाने काढल्यासारखे दिसावे; देशोदेशीचे बोरू जमवावेत, हिंगुळाचा साठा असावा, अशा बारीकसारीक सूचना समर्थ तेथे करतात. दोन सूचना तर मला फारच मोलाच्या वाटतात. एक अशी, की तरुणपणी काढलेले फार बारीक अक्षर म्हातारपणी आपल्यालाच वाचता येत नाही, म्हणून मध्यम अक्षर काढावे. दुसरी अशी, की कागदाच्या चारी बाजूंना मोकळी जागा ठेवावी, म्हणजे कडा झिजल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. ज्याने जुन्या पोथ्यांच्या झिजलेल्या कडा पाहिल्या आहेत, त्यालाच हे सुचावे.

या दासबोधाचे आणि रायपूरचे एक जवळचे नाते आहे. १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढणारे पंडित माधवराव सप्रे हे मराठी मातृभाषेचे. त्यांनी दासबोध आणि टिळकांचे गीतारहस्य हिंदीत आणले. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी रायपुरात काढली आणि १९२६ साली येथेच त्यांचा अंत झाला. एवढ्या मोठ्या ग्रंथांचे ओझे हातातल्या लेखणीवर वाहणाऱ्या माणसाला चांगल्या-वाईट टाकांचा फरक कळल्यावाचून कसा राहील?

आता प्रत्यक्ष साधनांकडे वळू. बाजारात पेनांच्या शेकडो जाती दिसल्या, तरी शाई कागदावर उतरवण्याच्या युक्त्या मोजक्याच आहेत. पहिली झरणीची. निबला एक बारीक चीर असते. केशाकर्षणाने शाई तिच्यातून उतरते आणि जितकी शाई बाहेर पडते तितकी हवा आत शिरते. हवेचा आणि शाईचा हा व्यवहार नीट जुळवणाऱ्या झरणीचे पेटंट अमेरिकेत वॉटरमन यांनी १८८४ साली घेतले. झरणीला दाब लागत नाही. म्हणून तासन् तास लिहूनही बोटे अवघडत नाहीत.

दुसरी युक्ती बॉलपेनची. हंगेरीचे पत्रकार लास्लो बिरो यांनी १९३८ साली तिचे पेटंट घेतले. टोकाशी फिरणारी बारीक गोळी दाट, तेलकट शाई कागदावर लोळवत नेते. ही शाई लवकर वाळते, उन्हाळ्यात निबसारखी सुकून बसत नाही. पण गोळी फिरवण्यासाठी पेन उभे धरावे लागते आणि दाबावेही लागते. परीक्षेत तीन तास लिहिलेल्या मुलाच्या मधल्या बोटाला जो खळगा पडतो, तो या दाबाचा. १९८४ साली जपानमध्ये निघालेल्या जेल शाईने यातून एक वाट काढली. ही शाई पाण्याची. स्थिर असताना घट्ट राहते आणि गोळी फिरू लागली की पातळ होते. हात हलका राहतो, मात्र अक्षर वाळण्यापूर्वी तळहात फिरला की ओळ फासली जाते.

तिसरी युक्ती मार्करची आणि स्केचपेनची. यात निब नाही, गोळी नाही. नमद्याच्या किंवा दाबून बसवलेल्या तंतूंच्या टोकातून शाई पाझरते. अमेरिकेत सिडनी रोझेन्थल यांनी १९५३ साली जाड मार्कर बाजारात आणला आणि १९६२ साली जपानमध्ये युकिओ होरिए यांनी बारीक तंतूंचे, लिहिण्याजोगे टोक तयार केले. ही युक्ती आपल्या लोकांना तशी अपरिचित नाही. सरगुजा जिल्ह्यातील जमगळा येथील स्त्रिया अंगावरच्या गोंदणाची नक्षी कापडावर उतरवू लागल्या, तेव्हा बांबूची काडी हेच त्यांचे रेखाटनाचे साधन होते.

साधन कोणतेही असो, ते आपल्या लिपीला मानवते का, हा प्रश्न दुकानात कुणी विचारीत नाही. रोमन अक्षरांसाठी केलेल्या चपट्या टोकाचा कल एका बाजूचा असतो, आणि देवनागरीच्या बोरूचा नेमका उलट. आपल्या सुलेखनात वरच्या उजवीकडून खालच्या डावीकडे येणारी रेघ जाड असते. रोमनमध्ये तीच बारीक उमटते. म्हणून परदेशी पद्धतीचा चपटा मार्कर घेऊन कुणी हौसेने शुभेच्छापत्र लिहू लागला, तर जेथे भरदारपणा हवा तेथे अक्षर रोडावते आणि भलतीकडेच फुगते. दोष हाताचा नसतो, टोकाचा असतो. धारदार पात्याने ते टोक उलट्या बाजूने तिरपे कापले, की तोच मार्कर मराठी लिहू लागतो. बोरू तासणाऱ्या आपल्या पंतोजींना हे कुणी शिकवावे लागत नव्हते.

म्हणून पेन पाहताना वेटोळे काढू नये, वाक्य लिहावे. मी नेहमी एकच वाक्य लिहितो: ‘तळ्याकाठच्या वाऱ्याने शाळेच्या पाट्या वाळल्या.’ यात गाठी मारणारा ‘ळ’ आहे, ‘ऱ्या’चा नाजूक अर्धा र आहे, दंड आहेत आणि लांब शिरोरेघही आहे. ‘ळ’च्या दोन पोकळ्या भरून गेल्या, तर ते टोक आपल्या अक्षराला जाड, शिरोरेघ मध्येच तुटली, तर शाईचा प्रवाह अपुरा. आणि ‘ळ’च निवडण्याला आणखी एक कारण आहे. रायपूरच्या मराठी घरातले मूल शाळेत हिंदी देवनागरी शिकते. तेथे त्याला ‘ळ’ भेटत नाही. तो घरीच, आजी-आजोबांच्या हाताखाली गिरवावा लागतो. नव्या पेनाच्या निमित्ताने नातवाने चार ‘ळ’ काढले, तर पेनाबरोबर अक्षराचीही पारख होते.

परंतु टोकाची परीक्षा ही निम्मीच परीक्षा होय. खरी गोम शाईत असते. आपले जुने लेखनिक शाईचे दोन प्रकार मानीत, कच्ची आणि पक्की. काजळी आणि डिंक पाण्यात खलून केली ती कच्ची. पाणी पडले की पसरणारी. लाखेच्या पाण्यात टाकणखार आणि लोध घालून, त्यात काजळी खलून केली ती पक्की. ही लाख कुसुम आणि पळस यांच्या फांद्यांवर होते आणि आजही छत्तीसगडच्या रानांतून गोळा केली जाते. दोन्ही शायांत रंग एकच, काजळीचा. आणि काजळीला ऊन काही करू शकत नाही.

आजच्या शायांत भेद वेगळा आहे. काहींचा रंग पाण्यात किंवा स्पिरिटात संपूर्ण विरघळलेला असतो. काहींत रंगाचे न विरघळणारे सूक्ष्म कण तरंगत असतात. विरघळलेला रंग दिसतो फार झळझळीत, पण उन्हाने त्याचे रेणू मोडतात आणि तो उडतो. कणांचा रंग, विशेषतः काजळीचा काळा, जागचा हालत नाही. माझी गुलाबी नावे पहिल्या जातीची होती, काळी नावे दुसऱ्या.

हे नुसते वाचून भागणार नव्हते, म्हणून मी एक साधा प्रयोग केला. एका जाड कागदावर सात साधनांनी तेच वाक्य लिहिले: धुऊन जाणाऱ्या निळ्या शाईची झरणी, निळे बॉलपेन, जेल पेन, स्केचपेन, ‘परमनंट’ म्हणून विकला जाणारा मार्कर, काजळीच्या शाईचे रेखाटनाचे पेन आणि काजळीत बुडवलेला बोरू. प्रत्येक ओळीचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला आणि कागद चैत्रात खिडकीच्या काचेला लावून ठेवला. मे महिन्यात रायपूरचा पारा ४४ अंशांच्याही वर चढतो. परीक्षक कडक होता. मृगाची सर आली तेव्हा पुठ्ठा काढून पाहिले. स्केचपेनाची ओळ उघड्या भागात जवळजवळ नाहीशी झाली होती. झरणीची निळी शाई राखाडी पडली होती, बॉलपेनही फिकटले होते. ‘परमनंट’ मार्करची तर जांभळट छटा उरली होती. ‘परमनंट’ म्हणजे पाण्याने न जाणारा. उन्हाचे वचन त्या शब्दात नाही, हे तेव्हा कळले. रेखाटनाचे पेन आणि बोरू यांच्या ओळी जशाच्या तशा होत्या.

मग आषाढात दुसरी परीक्षा. दमट हवेत कागद मऊ पडतो आणि पातळ कागदावर शाई फुटते, हे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. ताज्या ओळी लिहून, वाळू देऊन, प्रत्येकीवर पाण्याचे थेंब सोडले. आता निकाल फिरला. झरणी आणि स्केचपेन वाहून गेले; बोरूची डिंकाची शाईही पसरली. उन्हाला पुरून उरलेला बोरू पाण्यापुढे हरला. उलट बॉलपेन आणि मार्कर जागचे हलले नाहीत. दोन्ही परीक्षांतून निर्वेध पार पडले, ते काजळीच्या शाईचे रेखाटनाचे पेन.

यावरून कोणते पेन श्रेष्ठ, असा निर्णय मी देणार नाही. प्रश्न असा, की लिहिलेले किती दिवस टिकावे? वाण्याच्या यादीला कोणतेही पेन चालेल. पानेच्या पाने लिहावयाची असतील, तर हाताला सुख देणारी झरणी घ्यावी. शाळकरी मुलाला रंग भरावयाचे असतील, तर स्केचपेनाइतका आनंद दुसरा नाही; फक्त ते चित्र उन्हात टांगू नये. पण दस्तऐवज, पत्र्याच्या पेटीत ठेवावयाचे पत्र, छायाचित्राच्या पाठीमागची ओळ, अशा ठिकाणी काजळीच्या कणांची, पाण्याला न भिणारी शाईच वापरावी. आणि समर्थांनी सांगितल्याप्रमाणे कडेला जागा सोडावी.

आमच्या वंशावळीचे पुढे काय झाले, ते सांगून हे भाषण संपवतो. पणजोबांची खर्चाची एक वही माळ्यावर सापडली. मोडीत लिहिलेली, बोरूने, काजळीच्या शाईत. पाने पिवळी पडली होती, कडा कुरतडलेल्या होत्या. पण मोडी जाणणाऱ्या एका स्नेह्याने ती वाचून दाखवली, तेव्हा लग्नांच्या खर्चाच्या नोंदींत व्याह्यांची नावे आणि मुलींची माहेरची नावे निघाली. अकरांपैकी सात स्त्रिया परत आल्या. चार आल्या नाहीत.

मी तक्ता पुन्हा लिहिला आहे. या वेळी सगळी नावे एकाच काळ्या शाईत आहेत, आणि तो खिडकीसमोर नाही. चार ठिकाणी जागा कोरी सोडली आहे.