गर्दी येण्यापूर्वी

दहावीच्या निकालाचा दिवस. ठरलेली वेळ होते आणि विद्यार्थी, पालक, शिक्षक असे सारेच एकदम निकालाचे संकेतस्थळ उघडू लागतात. पडद्यावर मात्र नुसते चक्र फिरत राहते. गर्दी दुप्पट झाली, तर उत्तर मिळायला दुप्पट वेळ लागावा, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही.

समजा, एक सर्व्हर सेकंदाला सरासरी १०० मागण्या पुऱ्या करू शकतो. मागण्या काही ठरावीक अंतराने येत नाहीत. कधी चार एकदम येतात, कधी एकही येत नाही. म्हणून क्षमता शिल्लक असतानाही रांग लागते. रांगांच्या गणितातील सर्वांत सोप्या सूत्रानुसार,

सरासरी वेळ = १ ÷ (क्षमता − येणाऱ्या मागण्या)

सेकंदाला ५० मागण्या आल्या, तर प्रत्येकीला ०.०२ सेकंद लागतो; ९० आल्या, तर ०.१ सेकंद, ९९ आल्या, तर १ सेकंद! मागण्या दुप्पटही झाल्या नाहीत, वेळ मात्र पन्नासपट झाला. मागण्या क्षमतेच्या पुढे गेल्या, की रांग वाढतच जाते. त्यात कंटाळलेली माणसे पुन्हा पुन्हा बटण दाबतात आणि भार आणखी वाढवतात.

पूल खुला करण्यापूर्वी त्यावर भरलेले ट्रक उभे करून पाहतात. संकेतस्थळाचीही अशीच भारचाचणी घेता येते. एक आज्ञावली हजारो वापरकर्त्यांचे सोंग घेते. पान उघडणे, क्रमांक भरणे, क्षणभर थांबणे, असे सारे ती माणसांसारखे करते. ही संख्या पायरीपायरीने वाढवत प्रत्येक वेळी लागणारा वेळ मोजतात. आलेख जिथे एकदम वर वळतो, तिथे मर्यादा जवळ आली असे समजावे. चाचणी अपेक्षित गर्दीच्या पुढेपर्यंत न्यावी लागते.

ती वेळेवर न केल्यास काय होते? अमेरिकन सरकारचे आरोग्यविम्याचे संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झाले. एका वेळी सुमारे ५० ते ६० हजार लोक येतील, अशी अपेक्षा होती. आले सुमारे अडीच लाख. विम्याच्या योजना नुसत्या पाहण्यासाठीही आधी खाते उघडावे लागे, त्यामुळे सारी गर्दी एकाच दारात अडकली. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली फक्त ६ जणांची! संपूर्ण यंत्रणेची एकत्रित चाचणी अखेरच्या दोन आठवड्यांतच सुरू झाली होती. दोष सापडले तरी ते दुरुस्त करायला वेळच उरला नव्हता.

वर्गात करून पाहा : एक विद्यार्थी ‘सर्व्हर’. तो दर फेरीला एकच चिठ्ठी तपासतो. दर फेरीला दोन फासे टाका. जितक्या फाशांवर ५ किंवा ६ पडेल, तितकी मुले रांगेत येतील. ३० फेऱ्यांत रांग किती वाढते, ते फळ्यावर मांडा. मग तीन फासे घेऊन पुन्हा खेळा. आता दर फेरीला सरासरी एकच मूल येईल, म्हणजे क्षमतेइतकेच. तरीही रांग का वाढते, हे मुलांनाच शोधू द्या.