एका बर्थची एकच नोंद

अकोला जंक्शनच्या आरक्षण खिडकीवर तीन माणसं रांगेत आहेत असं समजा. पहिल्याला अमरावतीहून सुटणारी मुंबई एक्स्प्रेस हवी, दुसऱ्याला हावड्याहून येणारी गीतांजली, तिसऱ्याला काचीगुड्याहून अकोला-अमरावतीमार्गे नरखेडला जाणारी गाडी. खिडकी एक, कारकून एक, पडदाही एकच. पण पहिल्याच्या बर्थची नोंद मुंबईत आहे, दुसऱ्याची कोलकात्यात आणि तिसऱ्याच्या जागेची सिकंदराबादेत. अकोल्याच्या त्या यंत्रात यातली एकही नोंद नाही. ते फक्त विचारतं, आणि काही क्षणांत उत्तर येतं!

विचारणारं यंत्र म्हणजे क्लायंट, उत्तर देणारं म्हणजे सर्व्हर. देशातल्या रेल्वे आरक्षणाची प्रचंड खातेवही या दोघांतल्या कामाच्या वाटणीवर उभी आहे.

पूर्वी ही खातेवही खरोखरच कागदाची होती. मधल्या स्टेशनांना ठरावीक बर्थचा कोटा मिळे. तो संपला की संपला. त्याच गाडीत दुसऱ्या स्टेशनच्या कोट्यातले बर्थ रिकामे असले, तरी इथल्या कारकुनाला ते कळायला मार्ग नसे. परतीच्या आरक्षणासाठी तार जायची आणि प्रवासी उत्तराची वाट पाहत बसायचा. १९८५मध्ये दिल्लीत संगणकावर आरक्षण सुरू झालं, मग इतर महानगरांत. तरीही प्रत्येक केंद्र आपापल्या गाड्यांपुरतं शहाणं होतं. रेल्वेच्याच ‘क्रिस’ या संस्थेने ‘कॉन्सर्ट’ ही प्रणाली घडवली, १९९४मध्ये ती सिकंदराबादला चालू झाली आणि एप्रिल १९९९पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाचही केंद्रं एकमेकांशी जोडली गेली.

सगळी माहिती प्रत्येक स्टेशनवर का ठेवली नाही? कारण मग प्रत्येक बर्थच्या शेकडो नकला झाल्या असत्या, आणि बडनेऱ्याला विकलेला बर्थ भुसावळच्या नकलेत रिकामाच दिसत राहिला असता. बरं, माहिती मुंबईत ठेवून दर वेळी अख्खी फाइल अकोल्याला मागवायची आणि इथे शोधायची? सातबाऱ्याचा एक उतारा हवा म्हणून तलाठ्याचं सगळं दप्तर घरी उचलून आणण्यासारखं झालं ते. क्लायंट-सर्व्हर पद्धतीत तारेवरून जातो तो फक्त प्रश्न : अमुक गाडी, अमुक तारीख, अकोला ते मुंबई, दोन प्रवासी. शोधणं, तपासणं, नोंदवणं हे सगळं सर्व्हर जागच्या जागी करतो आणि चार ओळींचं उत्तर पाठवतो. म्हणून संथ तारांवरसुद्धा हे काम चाललं.

मला सगळ्यात थक्क करणारा क्षण वेगळाच वाटतो. अमुक डब्यातला एक खालचा बर्थ उरलाय, आणि अमरावती व अकोल्याच्या खिडक्यांनी तो एकाच क्षणी मागितला. सर्व्हर ज्याची मागणी आधी हाती घेतो, त्याच्यासाठी ती नोंद कुलूपबंद करतो. दुसरा थांबतो, त्याच्या मनगटावरच्या घड्याळाला कळणारही नाही इतका थोडा वेळ. कुलूप उघडतं तेव्हा त्याला खरं उत्तर मिळतं : बर्थ गेला. आणि मधेच वीज गेली तर? बर्थ अडकला पण तिकीट नाही, असं अर्धवट काही उरू दिलं जात नाही. व्यवहार पूर्ण होतो, नाहीतर मुळात झालाच नव्हता असं मानून सगळं पूर्ववत केलं जातं. एक तिकीट रद्द झालं की आरएसीवाला बर्थवर सरकतो, वेटिंगवाला आरएसीत, आणि त्याच्यामागची सगळी रांग एकेक पाऊल पुढे येते. एवढी उलथापालथ एका ठिकाणी होते, म्हणूनच ती सगळ्यांना सारखी दिसते. गाडीला जादा डबा लागला तरी नोंद तिथेच करायची. कोणत्याही स्टेशनवर काही बदलावं लागत नाही.

पाच केंद्रांमुळे भारही वाटला गेला. आपल्या खिशातल्या तिकिटावर याची खूण असते. दहा आकडी पीएनआर मुंबई केंद्राचा असेल तर तो ८ किंवा ९ने सुरू होतो, कोलकात्याचा असेल तर ६ किंवा ७ने.

ऑगस्ट २००२मध्ये इंटरनेटवर तिकीट मिळू लागलं, पुढे मोबाइल आला. खातेवही होती तिथेच राहिली, विचारणारे तेवढे वाढले. २०२५मध्ये रेल्वेने आरक्षणाची क्षमता सांगितली ती मिनिटाला सुमारे ३२,००० तिकिटांची. सकाळी दहाला वातानुकूलित आणि अकराला स्लीपरचं तत्काळ उघडतं, तेव्हा या गर्दीत चिखलदऱ्यातला एखादा फोनही असतो. तिथे रेल्वे पोचलेली नाही. पण त्या फोनचा प्रश्न आणि अकोल्याच्या खिडकीचा प्रश्न शेवटी त्याच एका नोंदीपाशी येऊन उभे राहतात.