काळ्या झग्याची शिळा

सकाळ सगळी दगड घासण्यात गेली. एका शिळेवर दुसरी पालथी घालायची, मध्ये पाणी आणि कार्बोरंडमची पूड, आणि वरची शिळा इंग्रजी आठाच्या आकारात फिरवत राहायची. खांदे भरून येतात. पण शेवटी चुनखडीच्या त्या गुळगुळीत अंगावर बोटाला जेमतेम जाणवेल अशी खर उमटते. तिला आम्ही ग्रेन म्हणतो. शिळाछापाचं सारं काम या खरीवर चालतं.

मला शिळेवर उतरवायचा होता एक वकील. ओनोरे दोमिएने १८४५ ते १८४८ या काळात पॅरिसच्या ‘ल शारिव्हारी’ या दैनिकासाठी न्यायालयातल्या माणसांची चित्रमालिका काढली, त्यातला हा १८४८चा. न्यायमंदिराच्या मोठ्या जिन्यावरून तो उतरतो आहे. काखेत कागदांचा गठ्ठा, मान ताठ, नाक वर. पायरी पाहायलासुद्धा नजर खाली जात नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. हा मात्र घरचाच जिना असल्यासारखा उतरतो.

“आधी झगा कर,” सर म्हणाले. “आणि हात टेकवू नकोस, घामाचा ठसासुद्धा छापून येईल.”

मेण, चरबी, साबण आणि काजळीचा तो खडू. झगा काळा, म्हणून मी तो दाबून फिरवला. तिथेच चुकलं. दोमिएच्या छापावर भिंग धरलं तेव्हा कळलं, त्याचा काळा रंग एका हाताने आलेलाच नाही. हलक्या रेघेवर हलकी रेघ, खरीच्या माथ्यांवर तेवढा खडू, मधले खळगे मोकळे. त्या मोकळ्या ठिपक्यांतून कागद श्वास घेतो आणि कापडाला वजन येतं. चुण्यांच्या कडा पात्याने खरवडून उजळ केलेल्या.

हे कापड त्याने लहानपणीच डोळ्यांत साठवलं असणार. मार्सेयला १८०८ मध्ये जन्मलेला हा मुलगा बारा-तेरा वर्षांचा असताना पॅरिसमध्ये बेलिफच्या कचेरीत निरोप पोचवायचं काम करत होता. पुढे राजा लुई-फिलिपचं चित्र काढल्याबद्दल १८३२ मध्ये सहा महिन्यांची कैदही भोगली. १८३५च्या कायद्याने राजकीय व्यंगचित्रांचं तोंड बांधलं, तेव्हा त्याने समाजाच्या रीतीभातींकडे मोर्चा वळवला. माझ्या मते तिथेच तो सर्वांत खोल गेला. याच मालिकेतल्या एका चित्रात खटला हरलेली बाई रडते आहे आणि वकील तिला सांगतो आहे, खटला गेला खरा, पण माझा युक्तिवाद ऐकताना आनंद झालाच असेल. वकील शिष्टाचाराला कुठेही चुकलेला नाही, म्हणूनच ते चित्र पाहून मला संताप येतो. चित्राखालचे शब्द बहुतेक वेळा दुसरेच कोणी लिहीत, पण ते झाकले तरी त्या वकिलाच्या ताठ मानेतून सगळं ऐकू येतं.

दुपारी डिंकाच्या पाण्यात नायट्रिक ॲसिडचे थेंब टाकून शिळेवर फिरवलं. मग टर्पेंटाइनने खडू पुसला. चित्र नाहीसं झालं! दर वेळी पोटात गोळा येतो. पण चरबी दगडात मुरलेली असते. ओल्या स्पंजमागून शाईचा रोलर फिरवला, की पाणी शाईला झिडकारतं आणि चरबी तिला धरते. वकील परत आला, नाक तसंच वर.

कागद घातला, शिळा प्रेसखालून सरकवली, कागद कोपऱ्याने उचलला. चेहरा बरा होता. झगा मात्र नुसता डांबराचा पट्टा, एकही चुणी नाही. सरांनी छाप उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला.

“घास,” ते म्हणाले.

दोमिएच्या शिळाही छपाई झाली की बहुधा घासल्या जात, दुसऱ्या चित्रासाठी. मी पूड घेतली, पाणी शिंपडलं. झग्याचा काळा गाळ कडेने ओघळू लागला.