१०, १०, १२, ६, ९, २

वरचे सहा आकडे वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहराच्या गोन्झागा विद्यापीठाचे आहेत. १९९९ ते २००४ या सहा वर्षांत अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत, म्हणजे ‘मार्च मॅडनेस’मध्ये, त्यांच्या पुरुष संघाला मिळालेली ही मानांकनं. पहिल्या वर्षी मानांकन दहावं, आणि मिनेसोटा, स्टॅनफर्ड, फ्लोरिडा यांना हरवून संघ थेट शेवटच्या आठांत. पुढच्या वर्षी पुन्हा दहावं मानांकन, पुन्हा दुसरं मानांकन असलेला संघ गारद, मजल शेवटच्या सोळांत. २००१ मध्ये मानांकन चक्क घसरून बाराव्यावर, आणि तरीही शेवटचे सोळा गाठलेच. २००२ मध्ये स्पर्धेआधी या संघाने २९ सामने जिंकले, ३ हरले. एपी वृत्तसंस्थेच्या देशव्यापी क्रमवारीत तो सहावा होता. चार विभाग, प्रत्येकात एक ते सोळा मानांकनं, या हिशेबाने सहाव्या संघाच्या वाट्याला दुसरं मानांकन यायला हवं. मिळालं सहावं. वर पहिल्याच फेरीत वायोमिंगने हरवलं, त्यामुळे मानांकनं ठरवणाऱ्या निवड समितीला ‘बघा, म्हटलं नव्हतं का’ म्हणायची आयतीच सोय झाली.

छोट्या विद्यापीठाला या खेळात पत कशी मिळते, हे समजून घ्यायला एखादा चमत्कारी विजय फारसा उपयोगी नाही. मानांकनाचा रकाना जास्त बोलतो.

आधी रचना. पहिल्या श्रेणीत, म्हणजे ‘डिव्हिजन वन’मध्ये, ३६० हून अधिक संघ आहेत आणि ते तीसेक कॉन्फरन्समध्ये विभागलेले आहेत. २०२५ च्या स्पर्धेत ६८ जागा होत्या. ३१ कॉन्फरन्सच्या विजेत्यांना थेट प्रवेश, उरलेले ३७ संघ निवड समितीने निवडलेले. कागदावर हे फार लोकशाही दिसतं. पण त्या ३७ जागांकडे बघा: एकट्या एसईसी कॉन्फरन्सचे १४ संघ त्या वर्षी स्पर्धेत होते. छोट्या कॉन्फरन्सपैकी बहुतेकांचा एकच, तो विजेता. म्हणजे नोव्हेंबरपासून तीस सामने खेळा, पंचवीस जिंका, आणि मार्चमधल्या एका संध्याकाळी तुमचा नेमबाज थंडावला की वर्ष संपलं.

२०२४ मध्ये इंडियाना स्टेटचं नेमकं हेच झालं. २८ विजय, ६ पराभव, मिझुरी व्हॅली कॉन्फरन्सच्या नियमित हंगामात अव्वल. कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात ड्रेककडून ८४-८० अशी हार. ‘नेट’ या अधिकृत क्रमवारीत संघ पहिल्या तिसांत होता, तरी ६८ मध्ये नाव नाही.

कारण ‘नेट’मधला क्रमांक ही फक्त चाळणी आहे, समिती बघते ती चौकट. प्रत्येक सामना चारांपैकी एका गटात पडतो, त्याला ‘क्वाड’ म्हणतात. घरच्या मैदानावर पहिल्या ३० मधल्या संघाशी खेळलात तर तो ‘क्वाड वन’. तटस्थ मैदानावर ही मर्यादा ५० पर्यंत, प्रतिस्पर्ध्याच्या घरी ७५ पर्यंत. समजा एखादा संघ साठावा आहे. त्याला त्याच्या गावी जाऊन हरवलं तर प्रथम दर्जाचा विजय. तोच तुमच्याकडे येऊन हरला तर दुय्यम. हे न्याय्यच आहे, परक्या मैदानावर जिंकणं अवघड असतं. अडचण पुढे आहे. एसईसीतल्या मधल्या फळीतल्या संघालाही जानेवारी-फेब्रुवारीत असे क्वाड वनचे सामने आठवड्याला दोन या गतीने आपोआप मिळतात. तो त्यातले निम्मे हरला तरी हातात सहा-सात ‘मोठे विजय’ असतात. इंडियाना स्टेटला तसे सामने सबंध हंगामात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मिळाले. मोठे संघ इंडियाना स्टेटच्या गावी, टेरे होटला, येऊन खेळायला तयार नसतात. त्यांना जिंकून काही मिळत नाही आणि हरले तर बरंच जातं.

जुनी पद्धत तर याहून क्रूर होती. २०१८ पर्यंत आरपीआय नावाचा निर्देशांक वापरात होता: २५ टक्के वजन तुमच्या स्वतःच्या जय-पराजयाला, ५० टक्के तुमच्या प्रतिस्पर्ध्यांच्या कामगिरीला, उरलेले २५ टक्के त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या कामगिरीला. तीन चतुर्थांश गुण दुसऱ्यांच्या हातात! दुबळ्या कॉन्फरन्सचं ओझं पाठीवर घेऊन गोन्झागा २००२ मध्ये सहाव्या मानांकनापर्यंत पोचलं, याचंच खरं तर कौतुक करायला हवं.

आता मैदानावरचं गणित. १९८५ मध्ये स्पर्धा ६४ संघांची झाली, तेव्हापासून २०२५ पर्यंत चाळीस स्पर्धा झाल्या (२०२० ची कोविडमुळे रद्द). पंधरावं मानांकन विरुद्ध दुसरं असे १६० सामने. त्यात पंधरावा जिंकला ११ वेळा, म्हणजे सात टक्के. सोळाव्याने पहिल्याला हरवलं फक्त दोनदा: २०१८ मध्ये यूएमबीसीने व्हर्जिनियाला, २०२३ मध्ये फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला. पण बारावा विरुद्ध पाचवा या लढतीत साधारण तीनांतला एक सामना बारावा मारतो. तिथे छोट्या कॉन्फरन्सचा अस्सल विजेता आणि मोठ्या कॉन्फरन्सचा मधला संघ समोरासमोर येतात, आणि दोघांतलं अंतर मानांकन सांगतं तितकं नसतं.

छोटे संघ हे अंतर दोन गोष्टींनी कापतात. एक, थ्री-पॉइंटर. ५० टक्के अचूकतेने दोन गुणांचे फटके मारले तर दर फटक्यामागे सरासरी एक गुण पडतो. तीन गुणांच्या रेषेबाहेरून ३४ टक्के अचूकता असली तरी १.०२. सात फुटी खेळाडू तुम्हाला मिळणार नसतो, पण चांगला नेमबाज मिळू शकतो. दुसरी गोष्ट, वेग. कॉलेजच्या सामन्यात प्रत्येक संघाकडे चेंडूचा ताबा सरासरी ६७-६८ वेळा येतो. ड्रेकने २०२४-२५ मध्ये तो साठाच्या आसपास आणून ठेवला. देशातला सर्वात संथ संघ तो. कसोटीपेक्षा टी-ट्वेंटीत दुबळ्या संघाला जास्त संधी का असते, हे आपल्याला सांगायला नको. संधी जितक्या कमी, तितका निकालात योगायोगाचा वाटा मोठा. ड्रेकने एसईसीच्या मिझुरीला ६७-५७ असं बाहेर काढलं. हंगामात ३१ विजय, ४ पराभव.

या संथपणाला रटाळ म्हणणारे बरेच आहेत. मला तो बघायला आवडतो, पण तो प्रश्न आवडीचा.

पैशाचा हिशेब जास्त बोचरा आहे. न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरजवळ ‘इंडिया स्क्वेअर’ नावाचा किराणा, मिठाई, साड्यांच्या दुकानांचा पट्टा आहे. त्या भागातल्या मराठी घरांना तो चांगला ठाऊक आहे. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर सेंट पीटर्स विद्यापीठ आहे. २०२२ मध्ये पंधरावं मानांकन घेऊन या संघाने केंटकीला ८५-७९, मग मरे स्टेटला आणि पर्ड्यूला हरवलं. पंधरावा संघ शेवटच्या आठांत पोचण्याची ती पहिलीच वेळ. सेंट पीटर्सचा पुरुष बास्केटबॉलवरचा वर्षाचा एकूण खर्च १६ लाख डॉलरच्या आसपास होता. केंटकीच्या प्रशिक्षकाचा एकट्याचा पगार ८० लाखांच्या वर.

मग या पराक्रमातून मिळालं काय? स्पर्धेत, अंतिम सामना सोडून, खेळलेल्या प्रत्येक सामन्यामागे कॉन्फरन्सला एक ‘युनिट’ मिळतं. त्या वेळी एका युनिटचे वर्षाला सुमारे ३ लाख ३८ हजार डॉलर, सहा वर्षं. सेंट पीटर्सची चार युनिट, म्हणजे वर्षाला साडेतेरा लाख. पण ते जातात कॉन्फरन्सकडे, आणि मॅक कॉन्फरन्समध्ये तेव्हा ११ सदस्य होते. समसमान वाटप धरलं तर प्रत्येकाला वर्षाला सव्वा लाखाहून थोडं कमी. एखाद्या बड्या संघाच्या गावी जाऊन मार खायचं मानधनही, एका रात्रीचं, लाखाच्या घरात जातं. अकरांत वाटणी करण्यात गैर काही नाही, पण ज्या संघाने केंटकीला हरवलं त्याला आपला प्रशिक्षकही या पैशात धरून ठेवता येत नाही.

आणि धरून ठेवता आलाही नाही. प्रशिक्षक शाहीन हॉलोवे त्याच महिन्यात त्याच राज्यातल्या सीटन हॉलला गेले. प्रमुख खेळाडूंपैकी बहुतेकांनी दुसरी विद्यापीठं गाठली. पुढचा हंगाम: १४ विजय, १८ पराभव. गंमत अशी की २०२४ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेतून वगळलेलं इंडियाना स्टेट ‘एनआयटी’ या दुय्यम स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचलं, आणि तिथे त्याला ७९-७७ असं हरवलं ते हॉलोवे यांच्याच सीटन हॉलने. त्यानंतर इंडियाना स्टेटचे प्रशिक्षकही मिझुरी व्हॅलीपेक्षा मोठ्या कॉन्फरन्समध्ये गेले, आपला मुख्य खेळाडू घेऊन.

गोन्झागाने वेगळं काय केलं? १९९९ चे प्रशिक्षक डॅन मन्सन तर तिथूनही गेले, आणि गेले कुठे, तर ज्याला पहिल्या फेरीत हरवलं त्या मिनेसोटाला. पण त्यांचे सहायक मार्क फ्यू मुख्य प्रशिक्षक झाले आणि अजून तिथेच आहेत. २००४ मध्ये ६,००० आसनांचं नवं सभागृह उभं राहिलं. मोठ्या विद्यापीठांची जिथे नजर नव्हती तिथून खेळाडू आणले: फ्रान्सचा रॉनी तुरियाफ, कॅनडाचा केली ऑलिनिक, लिथुआनियाचा डोमांतास साबोनिस, जपानचा रुई हाचिमुरा. (त्याच कॉन्फरन्समधल्या सेंट मेरीज कॉलेजने ऑस्ट्रेलियाची वाट धरली, पॅटी मिल्स तिथलाच.) कॉन्फरन्स दुबळी, तर नोव्हेंबर-डिसेंबर कडक करायचा, हे धोरण. २०१८ मध्ये हवाईतल्या माउई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात झायन विल्यमसनच्या ड्यूकला ८९-८७ असं हरवलं. तटस्थ मैदान, अव्वल प्रतिस्पर्धी: समितीला जे लागतं ते सगळं. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंटकी स्वतः स्पोकेनला आलं आणि ८८-७२ हरून गेलं. केंटकीने तिथवर प्रवास केला, ही मला त्या निकालापेक्षा मोठी बातमी वाटली.

१९९९ पासून गोन्झागाची एकही स्पर्धा चुकलेली नाही, २०२५ पर्यंत सलग २६. पाच वेळा पहिलं मानांकन. २०१७ आणि २०२१ मध्ये अंतिम सामना, दोन्ही हरले. आणि तरीही २०२५ मध्ये ‘नेट’च्या पहिल्या दहांत असलेल्या या संघाला मानांकन मिळालं आठवं. दुसऱ्याच फेरीत गाठ पडली पहिलं मानांकन असलेल्या ह्यूस्टनशी, ८१-७६ असा पराभव. २०२६ पासून आपली जुनी कॉन्फरन्स सोडून नव्याने बांधल्या जाणाऱ्या पॅक-१२ मध्ये जायचं गोन्झागाने ठरवलं. बटलर विद्यापीठाने हेच केलं होतं: २०१० आणि २०११ मध्ये लागोपाठ दोन अंतिम सामने खेळून २०१३ पर्यंत होरायझन लीगमधून अटलांटिक-१० मार्गे बिग ईस्टमध्ये. इतकं सगळं केल्यावरही शेवटी घर बदलावं लागतं, याचा अर्थ सध्याच्या मोजमापात पत संघाला नाही, पत्त्याला मिळते. माझा तरी आकड्यांवरून हाच निष्कर्ष आहे.

गोन्झागाने वापरलेली शिडी मात्र आता तशी उरलेली नाही. २०२१ मध्ये खेळाडूंना एकदा विनाखंड विद्यापीठ बदलायची मुभा मिळाली, त्याच वर्षी स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमवायची. २०२४ पर्यंत कितीही वेळा बदला अशी स्थिती आली. २०२५-२६ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, एका विद्यापीठाला पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. ड्रेकचे बेन मॅकोलम यांनी दुसऱ्या श्रेणीतल्या नॉर्थवेस्ट मिझुरीत चार राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली होती. तिथले चार खेळाडू सोबत घेऊन ते ड्रेकला आले, म्हणून एका वर्षात ३१ विजय. वर्ष संपताच ते आयोवाला गेले. जवळजवळ पूर्ण ४० मिनिटं मैदानावर असणारा बेनेट स्टर्ट्झ त्यांच्यामागोमाग.

२०२५ चे शेवटचे सोळा: एसईसीचे ७, बिग टेनचे ४, बिग ट्वेल्व्हचे ४, एसीसीचा १. बाकी २७ कॉन्फरन्स मिळून शून्य. पण विजेत्या फ्लोरिडाच्या संघाची यादी वाचली की वेगळंच दिसतं. अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू वॉल्टर क्लेटन फ्लोरिडाआधी आयोनात होता, सेंट पीटर्सच्याच मॅक कॉन्फरन्समधल्या. अलाइजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकचा, २०२३ मध्ये नवव्या मानांकनावरून शेवटच्या चारांत पोचलेल्या संघातला. विल रिचर्ड बेलमाँटचा. प्रशिक्षक टॉड गोल्डन सॅन फ्रान्सिस्कोचे, म्हणजे गोन्झागाच्या कॉन्फरन्समधले. युरोपातला फुटबॉलपटू करार संपण्याआधी दुसऱ्या क्लबात गेला तर जुन्या क्लबला किंमत मिळते. इथे आयोना, बेलमाँट आणि फ्लोरिडा अटलांटिकला या खेळाडूंचे मिळाले शून्य डॉलर, आणि विजेतेपदापर्यंतची युनिट गेली एसईसीच्या खात्यात.