दोन शिंजीर

ट्रॉम्बेच्या एका बाजूस डोंगर आहे व दुसऱ्या बाजूस ठाण्याची खाडी. या भागात जेथे जास्वंदीचे झुडूप किंवा फुललेला पांगारा असेल, तेथे सकाळी थोडा वेळ उभे राहा. चिमणीहूनही लहान असा एक पक्षी फुलाशी येईल, आपली बारीक, बाकदार चोच आत घालील आणि मध पिऊन भुर्रकन निघून जाईल. हाच शिंजीर होय.

पुष्कळ लोक त्याला हमिंगबर्ड समजतात. परंतु हमिंगबर्ड केवळ उत्तर व दक्षिण अमेरिकेतच आढळतात. ते फुलापुढे हवेत स्थिर राहून मध पितात. शिंजीरही कधी कधी क्षणभर तसे करतो. पण बहुधा तो डहाळीवर बसूनच मध पितो.

आपल्याकडे दोन शिंजीर नेहमी दिसतात. दोघांचीही लांबी सुमारे १० सेंटिमीटर असते. पहिला जांभळा शिंजीर. विणीच्या काळात याचा नर सावलीत अगदी काळा दिसतो. मात्र अंगावर ऊन पडले, की तो निळा-जांभळा चमकू लागतो. दुसऱ्यास आपण जांभळ्या कटीचा शिंजीर म्हणू. याच्या नराचा गळा व कटी जांभळी, पाठ तांबूस तपकिरी आणि पोट पिवळे असते. तेव्हा पोट काळे की पिवळे, एवढे पाहिले तरी पुरे.

परंतु खरी परीक्षा पुढेच आहे. वीण संपली, की जांभळ्या शिंजिराचा नर आपला झगझगीत पोशाख उतरवितो व बराचसा मादीसारखा दिसू लागतो. हनुवटीपासून पोटाकडे जाणारी एक काळपट रेघ तेवढी उरते. ती पाहून नवशिक्यास हा कोणी तिसराच पक्षी वाटतो! जांभळ्या कटीचा नर मात्र असा वेष पालटीत नाही.

माद्या दोन्ही साध्याच असतात. त्यांचा गळा पाहावा. गळ्यापासून पोटापर्यंत सारखा फिकट पिवळा रंग असेल, तर ती जांभळ्या शिंजिराची मादी. गळा पांढुरका व छाती पिवळी असेल, तर ती दुसरी. घरट्यावरून मात्र निर्णय करू नये. दोघांचीही घरटी कोळ्याच्या जाळ्याने विणलेली, लोंबत्या पिशवीसारखी असतात.

एवढ्याशा गळ्याकडे पाहून काय मिळते, असे कोणी विचारील. १९०८ च्या सुमारास मुंबईतील एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही नेहमीची चिमणी नव्हे, हे त्याच्या ध्यानात आले. तो ती घेऊन बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथील चिटणीस मिलर्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले व त्याला संग्रहातील पक्षी दाखविले. तो मुलगा म्हणजेच पुढे थोर पक्षिशास्त्रज्ञ झालेले सलीम अली. त्या वेळी ते तुमच्याच वयाचे होते.

आज पक्षी ओळखण्यास बंदूक नको. डोळे उघडे ठेवावे, पाय स्थिर ठेवावे आणि पक्षी फुलावर येईपर्यंत धीर धरावा. मग सांगा पाहू, तुमच्या जास्वंदीवर येतो तो कोणता शिंजीर?