'सोसणे' आणि 'स्वीकारणे': ऋतुपूर्व लक्षणांच्या प्रश्नावलीचे रूपांतर

भाषांतरमीमांसा बहुधा ललित साहित्याभोवती फिरते. वैद्यकीय प्रश्नावलीचे रूपांतर हाही तौलनिक अभ्यासाचाच विषय होय. कारण तेथे शब्द चुकला, तर स्त्रीच्या अनुभवाची नोंदच बदलते.

पाळीपूर्वीच्या बदलांना स्त्रिया कशा सामोऱ्या जातात हे मोजणारी मापिका रीड, पर्झ आणि अशर यांनी ऑस्ट्रेलियात २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. त्रास टाळणे, बदलांची जाणीव व स्वीकार, कामाचा भार शक्तीनुसार बेतणे, स्वतःची काळजी आणि संवाद हे तिचे पाच घटक. बेंगळुरूसारख्या बहुभाषिक नगरात ती मराठी व कन्नड भाषिक स्त्रियांसाठी आणताना दोन अडचणी संभवतात.

पहिली रूढीची. दोन्ही भाषांत पाळीचा उल्लेख स्पर्शाशी निगडित आहे. कन्नडमधील 'मुट्टु' हा शब्द स्पर्श आणि पाळी असे दोन्ही अर्थ वाहतो; मराठीत 'कावळा शिवला' असे म्हणतात. त्यामुळे इतरांपासून काही काळ दूर राहण्यासाठी 'बाजूला बसणे' हा प्रयोग योजल्यास पाळीपूर्वी स्वेच्छेने घेतलेला एकांत विटाळाच्या बंधनासारखा भासतो. 'होय' हे उत्तर मग निवडीची नव्हे, तर रूढीची नोंद ठरते.

दुसरी अडचण मूल्यांची. 'स्वीकार' म्हणजे बदल ओळखून ते मान्य करणे. 'सोसणे' यात मूकपणा गृहीत असतो, आणि सोशिकपणा हे तर स्त्रीचे भूषण मानले गेले. 'स्वीकारा'ऐवजी 'सोसणे' आले, तर निमूटपणे सहन करणाऱ्या स्त्रीला अधिक गुण मिळतील आणि तिची मदतीची गरज झाकली जाईल.

रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये पद्धतशीरपणे मांडलेले उलट भाषांतर येथे अपुरे पडते. त्यात शब्द जुळतो, अर्थभार निसटू शकतो. बेंगळुरूच्याच निम्हान्समधील मनोरुग्णांविषयी वाइस, रघुराम आणि चन्नबसवण्णा यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास अधिक मार्गदर्शक आहे. निदानाच्या संज्ञांसोबत रुग्णाने स्वतःच्या दुखण्याचा लावलेला अर्थही त्यात विचारात घेतला होता.

तात्पर्य, 'पाळी येण्यापूर्वी मी स्वतःहून थोडा वेळ एकटी राहते' असे निःसंदिग्ध विधान करावे, आणि त्यातून काय समजले हे उत्तर देणाऱ्या स्त्रीलाच तिच्या शब्दांत सांगू द्यावे. समानार्थाची कसोटी कोशात नाही, तिच्या उत्तरात आहे.