चक थांबताना ड्राइव्ह का रुसतो?

सीएनसी लेथ सुरू होताना कुरकुर नाही, पण स्पिंडल थांबवायला गेलं की ड्राइव्ह ‘ओव्हर व्होल्टेज’ दाखवून ट्रिप होतो. पहिला संशय महागड्या कार्डावर जातो. बहुतेकदा तो फुकटचा असतो.

४१५ व्होल्टचा थ्री-फेज पुरवठा ड्राइव्हच्या आत डीसी होतो, साधारण ५६० ते ५८५ व्होल्ट. जड चकचा वेग झटक्यात उतरवला, की मोटरच जनरेटर बनते आणि चकमधली ऊर्जा उलटी ड्राइव्हमध्ये शिरते. काही ड्राइव्ह ती लाइनीत परत पाठवतात. बाकीच्यांत ती ब्रेकिंग रेझिस्टर तापवून जिरते. रेझिस्टर जळालेला किंवा त्याची वायर ढिली असेल, तर व्होल्टेज चढतच जातं.

आधी थांबण्याचा वेळ दोनाचे सहा सेकंद करून बघा. ट्रिप गेला, तर रोख रेझिस्टरकडे. मग मेन स्विच बंद करा, कपॅसिटर उतरेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबा (इथली घाई जिवावर बेतते), डीसी व्होल्टेज उतरल्याची मीटरनं खात्री करा आणि रेझिस्टरचे ओहम पाटीवरच्या आकड्याशी ताडून पाहा.

काप घेताना आरपीएम पडतो, ही तक्रार निराळी. तिथे आधी बेल्ट चाचपावा. तेलकट, सैल बेल्टपायी ड्राइव्ह उगाच बदनाम होतो.